ऑपरेटर घाबरला होता

दार उघडलं तेव्हा जगदीश रामटेके वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते, त्यामुळे सरोजिनीबाईंना आधी दिसलं ते त्यांचं टक्कल. मग खालूनच आवाज आला.

"नमस्कार, डॉक्टर मॅडम."

सरोजिनीबाईंचा हात कडीवरच राहिला. या माणसाचा चेहरा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पण वाक्यातला शेवटचा शब्द पलीकडे नीट पोचावा म्हणून किंचित लांबवायची ती सवय त्यांनी कुठेही ओळखली असती.

"ऑपरेटर!" त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "म्हणजे, रामटेके. या, आत या."

मागे रामटेकेंची मुलगी राणी उभी होती, हातात पपईची पिशवी. राणी सरोजिनीबाईंच्या मुलाच्या, सुबोधच्या कंपनीत इंजिनिअर होती. भरसमुद्रातल्या जहाजावर कुणी आजारी पडलं, तर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला त्याला पडद्यावर बघता यावं, त्याच्या छातीचे ठोके ऐकता यावेत, असं यंत्र ही कंपनी बनवत होती. एकदा ऑफिसात जेवताना राणी सहज बोलून गेली, की पप्पा तरुणपणी निकोबारला पोलीस वायरलेसवर होते आणि तिथे डॉक्टर नसल्यामुळे आजाऱ्यांचे निरोपही तेच द्यायचे. सुबोध खुर्चीतून उठलाच. बेट कुठलं, साल कुठलं, हे त्यानं विचारून घेतलं आणि तिथूनच आईला फोन लावला. जगदीश तेव्हा देशातून मुलीकडे, इथल्या पासिर रिसला राहायला आलेले होते. रविवारचं जेवण ठरलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सरोजिनीबाई पोर्ट ब्लेअरच्या सरकारी दवाखान्यात होत्या. रोज सकाळी त्या वायरलेसच्या खोलीत जाऊन बसायच्या. लांबलांबच्या बेटांवरून, जिथे आठवड्याला एखादी बोट लागली तर लागली, तिथून ऑपरेटर एकेक आजार सांगायचे. ताप, विंचू, मोडलेला हात. आज दारात आलेले हे, दक्षिणेकडच्या शेवटच्या बेटावरचे ऑपरेटर, सगळ्यांत नीट सांगायचे. जीभ कशी दिसते, श्वास घेताना बरगड्या आत जातात का, न विचारता सांगायचे. ते बोलायचे आणि सरोजिनीबाई डोळे मिटून बघायच्या. काम हिंदीत चालायचं. रागावल्या की त्या मराठीत बोलायच्या, आणि पलीकडूनही मराठी येतं हे कळायला फार दिवस लागले नव्हते. नाव मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. तशी गरजच पडली नव्हती.

जेवताना सुबोधला राहवेना. मसालेभाताचा पहिला घास व्हायच्या आत त्यानं गोष्ट काढली.

"काका, मी लहानपणापासून ही ऐकत आलोय. आज तुमच्यासमोर सांगायचा चान्स मिळतोय." तो गार्गीकडे वळला. गार्गी त्याची तेरा वर्षांची मुलगी. "बघ, पेशंट तिकडे बाळंत झालीय. ब्लीडिंग थांबत नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही. फक्त काका आणि वायरलेस. आजी इकडून सांगतेय, पोट चोळा, इंजेक्शन द्या. आणि काका एकदम फ्रीज! घाबरले. वेळ चाललाय. मग आजी काय म्हणाली माहितेय? 'हातात बांगड्या भरल्यायत का तुमच्या? जा आणि टोचा सुई!' सगळ्या बेटांनी ऐकलं ते. आणि काका गेले, सुई टोचली, बाई वाचली."

"सो स्केअरी, लाह," गार्गी म्हणाली.

सगळे हसले. जगदीशही हसले. हसताना त्यांनी ताटाशेजारचा कागदी रुमाल उजव्या हातानं सपाट केला, मग पुन्हा एकदा केला. राणी हसली नाही.

"पप्पा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" जगदीश म्हणाले. "उशीर झाला होता खरा."

सुबोध पुढचं सांगत होता. शुक्रवारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात छोटी फिल्म करायची होती. दोघांनी शेजारी बसून हीच गोष्ट सांगायची, मराठीतच, खाली इंग्रजी अक्षरं येतील. आणि मग राणीच्या टीमनं बनवलेलं यंत्र दाखवायचं. तेव्हा काय होतं आणि आता काय आहे. सरोजिनीबाई मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष त्या रुमालाकडे होतं. 'उशीर झाला होता खरा.' हा माणूस घाबरलो होतो असं म्हणाला नव्हता.

जेवणानंतर त्या जगदीशना घेऊन खाली आल्या. इमारतींच्या मधोमध पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या कडेला पर्जन्यवृक्षाखाली बाक. दुपारच्या उन्हात तिथे कुणी नव्हतं. तलावाचा पंप तेवढा चालू होता.

"सुबोध तिखटमीठ लावतो," त्या बसता बसता म्हणाल्या.

"नाही, नाही. बरोबर सांगितलं त्यांनी. शब्द तेच होते तुमचे."

"रामटेके, उशीर का झाला होता?"

जगदीशनी त्यांच्याकडे पाहिलं. मग तलावाकडे पाहिलं.

"इतक्या वर्षांनी?"

"तेव्हा विचारलं नाही. आता विचारते."

"मी बाहेर होतो."

"बाहेर म्हणजे?"

"अंगणात." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "माझी वायरलेसची खोपी आणि त्यांचं घर, मध्ये नुसतं एक मैदान. तुम्ही पोट चोळायला सांगितलं, मी पळत गेलो. दारात सासू उभी. म्हणाली, तिथूनच सांग. मी तिथूनच सांगितलं. आतून बाया विचारायच्या, मी बाहेरून ओरडायचो. त्या चोळत होत्या, पण भीत भीत. मग परत येऊन तुम्हाला कळवलं, आणि तुम्ही इंजेक्शन सांगितलं. कंपाउंडर होडी घेऊन पलीकडच्या गावाला गेलेला. दवाखान्याची किल्ली माझ्याकडे. सुई टोचायला मला येत होतं, तुम्हीच शिकवलं होतं आधी, एका तापाच्या पेशंटच्या वेळी. पण म्हातारी दार सोडेना."

"पुरुष म्हणून?"

जगदीश किंचित हसले. "कंपाउंडरही पुरुषच होता, मॅडम. गेल्याच महिन्यात त्यानं तिच्या मोठ्या सुनेचं गळू कापलं होतं, त्याच घरात."

सरोजिनीबाईंना कळायला एक क्षण लागला. तो क्षण त्यांना फार मोठा वाटला.

"माजी सैनिकांची वसाहत ती. आपल्याकडची बरीच कुटुंबं होती, साताऱ्याकडची," जगदीश म्हणाले. "नाव, गाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलेलं. आणि माझ्या खोपीत बाबासाहेबांचा फोटो. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. पाणी मात्र वरून ओतायचे. एवढ्या लांब समुद्रापार आले, जंगल तोडून घरं बांधली, पण तेवढं बरोबर घेऊन आले होते."

"मला का नाही सांगितलंत?"

"उघड्या चॅनेलवर? सगळी बेटं ऐकायची. काय सांगणार होतो? पेशंटच्या घरचे मला शिवून घेत नाहीत, ओव्हर?" ते हसले. सरोजिनीबाईंना हसता आलं नाही. "मी म्हटलं, थोडी अडचण आहे. मग तुम्ही ते बोललात."

तलावाच्या पलीकडच्या काठाला एक मैना पाण्यात चोच बुडवून उडाली.

"इतर स्टेशनांवर मराठी पोरं होती तीन-चार," जगदीश म्हणाले. "बदली होईपर्यंत मला बांगडीवाले म्हणायची. चेष्टेनंच. पोरं वाईट नव्हती."

"पण मग गेलात तुम्ही आत."

"गेलो." पुढचं ते अगदी हळू बोलले, सरोजिनीबाईंना लागू नये अशा बेतानं. "तुमच्या बोलण्यानं नाही गेलो, मॅडम. तुमचं ऐकून पुन्हा अंगणात आलो, तरी म्हातारी दारातच. मी सिरिंज उकळून वाटीत घेतलेली. तेवढ्यात आतून त्या बाईचाच आवाज आला. आवाज कसला, रक्त जाऊन जाऊन नुसता वारा राहिला होता. पण खरखरीतून ऐकायची सवय होती ना मला. म्हणाली, 'भाऊ, या आत. आत्याबाई, सरा तिकडं. मरायला टेकलेय ती मी आहे, तुम्ही नाही.'"

सरोजिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"नाव काय होतं तिचं?"

"बेबी. वीस-एकवीसची असेल. पुढे बारशाला मला घरात पाटावर बसवून जेवायला वाढलं तिनं, स्वतःच्या हातानं. सासू त्या दिवशी शेजारी जाऊन बसली."

बेचाळीस-त्रेचाळीस वर्षं ही गोष्ट सरोजिनीबाईंनी सांगितली होती. दवाखान्याच्या निरोपसमारंभात, सुबोधच्या मुंजीत, मंडळाच्या महिला दिनाला. तिच्यात एक डॉक्टर होती आणि एक घाबरट ऑपरेटर होता. बेबी नव्हती. वायरलेसवर फक्त 'पेशंट' असा शब्द जायचा.

"मी शुक्रवारी हे सगळं सांगणार," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यासमोर. जसं झालं तसं."

"नको."

"का नको? सगळ्यांसमोर तुम्हाला भित्रा म्हणत आले मी इतकी वर्षं."

"मॅडम," जगदीश त्यांच्याकडे वळून बसले, "राणीला यातलं काही माहीत नाही. मी तिला मुद्दामच सांगितलं नाही. तिनं तिच्या वाट्याचं बघितलंय नागपुरात, कॉलेजात. माझं आणखी कशाला? इथं तिचं छान चाललंय. ऑफिसात सगळे तिला राणी म्हणून ओळखतात, तिच्या कामानं ओळखतात. सुबोधसाहेब चांगले आहेत, ते काही वेगळं वागणार नाहीत. पण ती फिल्म शंभर जण बघतील. उद्या तिच्याकडे बघताना कुणाच्या डोळ्यांत काहीतरी येईल. तिरस्कार नसेलही. दया असेल. ती तरी कशाला?"

"पण हे तुमच्यावर..."

"तुमच्या गोष्टीत मी घाबरलेलाच बरा आहे."

ते उठले. पँटला चिकटलेलं वाळकं पान त्यांनी झटकलं आणि वर जायला निघाले. सरोजिनीबाईंना उठायला थोडा वेळ लागला.

पुढचे दिवस त्यांचे नीट गेले नाहीत. त्यांनी सुबोधला सांगून पाहिलं, की फिल्म नको, मला आता बोलवत नाही. तो त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला.

"आई, तुला काय करायचंय? नेहमीसारखं सांगायचं. झोपेत सांगशील तू."

तेच तर होतं. झोपेत सांगता येईल इतकी ती घासून गुळगुळीत झाली होती. त्यांनी ती मनातल्या मनात पहिल्यापासून सांगून पाहिली आणि नेहमीच्या ठिकाणी, 'ऑपरेटर घाबरला' या शब्दांपाशी अडखळल्या. जुनीच सांगावी तर खोटी, खरी सांगावी तर त्या माणसानं मागितलेली एकुलती एक गोष्ट मोडायची.

बुधवारी त्या गार्गीला शाळेतून आणायला गेल्या आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. समोर मुलं एकमेकांना हाका मारत होती. तिथे, काही कारण नसताना, त्यांना वायरलेसच्या खोलीतलं टेबल आठवलं. टेबल नाही, त्याच्या खालचं. मांडीवर उघडं ठेवलेलं प्रसूतिशास्त्राचं जाडजूड पुस्तक. मोठे डॉक्टर रजेवर कलकत्त्याला गेलेले. विचारायला कुणी नाही. त्या बोलायचं बटण दाबून एकेक सूचना देत होत्या आणि बटण सोडलं की पानं उलटत होत्या. इंजेक्शननंही थांबलं नाही तर पुढे काय, ते त्यांना सापडत नव्हतं. घामानं बोट बटणावरून घसरत होतं. 'थोडी अडचण आहे' असं पलीकडून आलं, तेव्हा त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की ही बाई आता माझ्या आवाजावर मरणार. आणि मग तोंडातून ते बांगड्यांचं वाक्य गेलं.

हे त्या विसरल्या होत्या. विसरल्या म्हणजे काय, गोष्टीत ते बसत नव्हतं म्हणून कधी तिच्यात आलं नव्हतं.

"आज्जी, यू ओके?" गार्गी समोर उभी होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "चल."

शुक्रवारी हार्बरफ्रंटच्या ऑफिसातल्या मोठ्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. खिडकीतून सेंटोसा बेटाकडे जाणारे केबल कारचे डबे दिसत होते आणि त्यांच्या खालून एक क्रूझ जहाज हळूहळू बाहेर निघालं होतं. जगदीशनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. कॅमेऱ्यामागच्या चिनी मुलीनं त्यांना थोडं जवळ सरकायला सांगितलं. राणी भिंतीपाशी आपल्या यंत्राजवळ हाताची घडी घालून उभी होती.

सुबोध म्हणाला, "काका, तुम्ही सुरू करा. ती बाई, तो दिवस, तुम्हाला वाटलेली भीती. मग आई पुढे घेईल."

जगदीशनी घसा साफ केला. आवाज लागला तो तसाच, पोचवणारा.

"तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. बाळंतपणाची केस मी कधी बघितली नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी घाबर..."

"नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या.

जगदीश थांबले. त्यांनी मान वळवली नाही, पण गुडघ्यावरचा त्यांचा हात आवळला गेला.

"ते घाबरले नव्हते," सरोजिनीबाई कॅमेऱ्याकडे बघून बोलू लागल्या. "ही गोष्ट मी फार वर्षं चुकीची सांगत आले. घाबरले होते मी. मी वायरलेसवर तोपर्यंत ताप आणि खोकले बघितले होते. अशी केस पहिलीच. मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि त्यातलं मला काही सापडत नव्हतं. पलीकडून हे मला एकेक गोष्ट सांगत होते. नाडी किती, ओठ कसे, चादर किती भिजली. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. माझा हलत होता. तो त्यांना ऐकू येऊ नये म्हणून मी ओरडले. भलतंसलतं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि परत आपल्या कामाला गेले. आणि ती बाई स्वतः धीराची होती. तिचं नाव बेबी. त्या दोघांनी मिळून निभावलं. मी लांब होते."

कॅमेरेवाल्या मुलीला मराठी कळत नव्हतं. तिनं अंगठा वर करून विचारलं, छान झालं ना?

सुबोध पुढे आला. "आई, अगं पण... मग उशीर का झाला? मेन पॉइंटच तो आहे. डिले."

"माझ्याकडे झाला," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"तू कधी असं बोलली नाहीस."

"नाही बोलले."

सुबोधनं जगदीशकडे पाहिलं. "काका, असं होतं?"

जगदीशनी खिडकीबाहेरच्या जहाजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम म्हणतात तर असेल. वायरलेसवर पलीकडच्याचे हात दिसत नाहीत."

एवढंच त्या दिवशी फिल्ममध्ये गेलं. नंतर यंत्राचं दृश्य झालं. राणीनं शांतपणे, न चुकता, काय कसं चालतं ते सांगितलं, आणि सरोजिनीबाईंच्या मनगटाला पट्टा बांधून त्यांच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवले. ठोके जरा जोरात पडत होते. राणीनं ते बघितलं आणि पट्टा सोडला.

सुबोधला अजून काम होतं. राणी दोघांना टॅक्सीपर्यंत सोडायला खाली आली. सरकत्या जिन्यावर जगदीश आणि ती पुढे होते, सरोजिनीबाई एक पायरी मागे. खाली उतरल्यावर फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लोकांची गर्दी होती. बॅगा ओढत एक कुटुंब मधून गेलं, ते जाईपर्यंत तिघंही थांबले.

"पप्पा," राणीनं विचारलं, "त्या बेबी कुठल्या होत्या? तिथल्याच?"

"नाही, नाही. आपल्याकडच्या. मिलिटरीतल्या माणसाचं घर. साताऱ्याकडचे लोक."

"अच्छा."

ती काही पावलं नुसती चालली. जगदीशनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. काचेच्या दारापाशी पोचल्यावर राणीनं दार उघडून धरलं, पण बाहेर पडली नाही. वडिलांकडे बघत राहिली.

"मग तुम्ही आत कसे गेलात?" तिनं विचारलं.

जगदीश दारातच उभे राहिले. त्यांनी एकदा मागे वळून सरोजिनीबाईंकडे पाहिलं. सरोजिनीबाईंनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. शेजारच्या दुकानाच्या काचेत चपला मांडल्या होत्या. त्या तिकडे वळल्या, चष्मा वर सरकवला आणि किमती वाचत उभ्या राहिल्या, म्हणजे त्या दोघांना पुढे जाता येईल.